आतड्यातला दाह आणि कर्करोग

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिकेचे पत्र आमच्याकडे आले. त्यांच्या नववीच्या वर्गातील एका मुलीला दोन वर्षांपासून शौचावाटे मधूनमधून रक्त पडत होते, वजन घटत होते. आधी आव समजून औषधे झाली, मग मूळव्याध समजून झाली, पथ्यपाणी झाले. शेवटी शहरात दुर्बिणीतून तपासणी झाली आणि ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे निदान झाले. औषधे सुरू झाल्यावर दोन महिन्यांत मुलगी सुधारली, मैदानावर दिसू लागली. मग कोणा नातेवाइकाने घरी सांगितले की या आजाराचा पुढे कर्करोग होतो. वडील हबकले. दुसऱ्या कोणी सल्ला दिला की पोर आता बरी आहे, तर रोज गोळ्या कशाला घालता तिच्या पोटात? बाईंचे प्रश्न असे होते : दाहाचा आणि कर्करोगाचा खरोखर संबंध असतो का? असला तर तो कसा? आणि त्रास नसताना गोळ्या बंद केल्या तर चालतील का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच कळवले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. पण असे का, हे समजायचे असेल तर पहिल्या दोन प्रश्नांत शिरावे लागते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले आहे, ते जीवशास्त्राच्या कोणाही शिक्षकाला आवडेल असे आहे.

‘दाह’ हा शब्द आपण घशाच्या जळजळीपासून मनाच्या तळमळीपर्यंत सगळीकडे वापरतो. वैद्यकात त्याला नेमका अर्थ आहे, आणि त्यासाठी मराठी ग्रंथांत ‘शोथ’ हाही शब्द दिसतो. बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. आत काय घडते? रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, जंतूंना गिळतात आणि त्यांच्यावर जहाल रसायने सोडतात. हे झाले पहिले काम. दुसरे काम तितकेच महत्त्वाचे, पण आपल्या लक्षात येत नाही. याच पेशी आजूबाजूच्या ऊतींना निरोप देतात की इथे नुकसान झाले आहे, वाढा, विभाजन करा, जखम भरून काढा. काम संपले की निरोप थांबतात, पांढऱ्या पेशी मरतात आणि आठ दिवसांनी बोटावर खूणही राहत नाही. म्हणजे दाह हा मुळात आजार नव्हे. तो वेळेवर संपला नाही, तर मात्र आजार होतो.

तो संपला नाही तर त्यातून कर्करोग उद्‌भवू शकतो, हा विचार जुना आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ च्या सुमारास कर्करोगाच्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि सतत चिडलेल्या ऊतीत कर्करोग सुरू होत असावा, असे मत मांडले. आपल्याकडचे एक उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी १९४५ मध्ये, कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळून नेसल्याने त्या रेषेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. घर्षण, घाम, व्रण, पुन्हा घर्षण! १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकन वैद्याने तर कर्करोगाची गाठ म्हणजे ‘न भरणारी जखम’ असे म्हटले. रक्तवाहिन्या वाढवणे, पेशींना विभाजनाचे निरोप देणे ही जखम भरण्याची सगळी यंत्रणा गाठ स्वतःसाठी वापरते, असा त्याचा मुद्दा होता.

आता आतड्याकडे वळू. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूस पेशींचे जे अस्तर असते, ते फक्त एका पेशीच्या जाडीचे असते. मुलांना हे सांगून पाहावे. बाहेरच्या त्वचेवर पेशींचे थरावर थर आहेत, आणि अब्जावधी जीवाणूंनी भरलेल्या नळीला मात्र एकच थर! या थरावर बुळबुळीत श्लेष्म्याचे दोन पदर असतात. वरच्या सैल पदरात जीवाणू राहतात, अस्तराला चिकटलेला आतला पदर मात्र जवळजवळ जंतुविरहित असतो. अस्तर सपाटही नसते. त्यात परीक्षानळीच्या आकाराचे लक्षावधी सूक्ष्म कूप असतात आणि प्रत्येक कूपाच्या तळाशी काही मूलपेशी असतात. त्या सतत विभाजन पावतात. नव्या पेशी कूपाच्या भिंतीवरून वर सरकतात आणि तोंडाशी पोचल्या की गळून पडतात. सगळे अस्तर अशा रीतीने चार-पाच दिवसांत नवे होते. सोय मोठी आहे. बिघडलेली पेशी टिकूच नये, अशी ही व्यवस्था. पण बिघाड तळाच्या मूलपेशीतच झाला, तर तो तिच्या सर्व वंशजांत उतरतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये या अस्तराचा दाह होतो आणि तो वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतो. त्याला ‘व्रणयुक्त बृहदांत्रशोथ’ असे भारदस्त नाव आहे. पण रुग्णाला ते उच्चारता येत नाही आणि डॉक्टर ते वापरत नाहीत, म्हणून आपणही इथे कोलायटिसच म्हणू. हे नाव इंग्लंडमध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये वापरले. आजाराचे एकच एक कारण नाही. आनुवंशिक कल, आतड्यातील जीवाणू, आहार-राहणी आणि प्रतिकारयंत्रणेची चूक अशा अनेक गोष्टींची ती मोट आहे. हा पाश्चात्त्यांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. लुधियानाच्या परिसरात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दर लाख लोकांत ४४ रुग्ण असल्याचे दिसले. आपल्याकडे आव आणि आतड्याचा क्षय हे आजार सर्रास आढळतात, त्यामुळे निदानाला उशीर होतो, हेही खरे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. साधी आव म्हणजे कोलायटिस नव्हे, आणि चार दिवसांच्या आवेने कर्करोग होत नाही.

कोलायटिसच्या रुग्णात मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याची नोंद न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी १९२५ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर केली. (ज्यांच्या नावाने ‘क्रोन्स’ हा आतड्याचा दुसरा आजार ओळखला जातो, तेच हे.) मग धोका किती? २००१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी तोवरच्या अनेक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. आजार सुरू होऊन १० वर्षे झालेल्यांत २ टक्के, २० वर्षे झालेल्यांत ८ टक्के आणि ३० वर्षे झालेल्यांत १८ टक्के. हे तीन आकडे फार गाजले. वर्गात आलेखावर घेतले तर रेषा वर वर वळताना दिसते. घाबरवणारा आलेख आहे खरा. पण आकडे कोठून आले, हे विचारायची सवय मुलांना लावायची असेल, तर याइतके चांगले उदाहरण नाही. जुन्या पाहण्या बऱ्याचशा मोठ्या रुग्णालयांतून आलेल्या होत्या. मोठ्या रुग्णालयात कोण पोचतो? ज्याचा आजार गंभीर असतो तो. घरच्या घरी सौम्य आजार सांभाळणारे त्या बेरजेत आलेच नव्हते. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाची वैद्यकीय नोंद राहते. तेथील १९६९ ते २०१७ या काळातील ९६,४४७ कोलायटिस रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या सुमारे १.६६ पट होते. म्हणजे धोका आहे, पण ‘कोलायटिस म्हणजे पुढे कर्करोग’ हे नातेवाइकांचे गणित चुकीचे आहे. बहुतेक रुग्णांना कर्करोग होत नाही.

धोका सर्वांना सारखाही नाही. आजार किती वर्षे आहे, आतड्याचा किती भाग व्यापला आहे, घरात कोणाला असा कर्करोग झाला आहे का, यकृताच्या पित्तनलिकांचा जोडआजार आहे का, यांवर तो अवलंबून असतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, दाह किती तीव्र आहे? लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात २००४ मध्ये याचा छडा लावला गेला. तेथे कोलायटिसचे रुग्ण वर्षानुवर्षे नियमित तपासले जात आणि आतड्याचे सूक्ष्म तुकडे काचपट्ट्यांवर जपून ठेवले जात. ज्या ६८ रुग्णांत कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, त्यांच्या जुन्या काचपट्ट्या काढून तशाच १३६ इतर रुग्णांशी ताडून पाहिल्या. ज्यांच्या पट्ट्यांत वर्षानुवर्षे जास्त दाह दिसत होता, त्यांच्यात कर्करोगाकडे वाटचाल अधिक होती. इथे लक्षात घ्यायचे ते हे की हा दाह सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेला होता, रुग्णाच्या तक्रारींवरून ठरवलेला नव्हता. माणसाला बरे वाटत असते, शौचाला साफ होते, आणि अस्तरात निखारा धुमसत असतो. बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या काचपट्ट्यांत आहे.

दाहातून कर्करोगापर्यंतची वाट कशी जाते? एक वाट सरळ आहे. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे, नायट्रिक ऑक्साइड, इतकेच काय पण हायपोक्लोरस आम्ल म्हणजे पाणी शुद्ध करायला आपण जे वापरतो तेही तयार करतात. ही रसायने शत्रू-मित्र ओळखत नाहीत. शेजारच्या पेशींच्या डीएनएलाही ती इजा करतात. त्याच वेळी जखम भरण्यासाठी मूलपेशी घाईघाईने विभाजन पावत असतात. मूळ प्रतीवर शाईचे डाग पडत आहेत आणि नकलनवीस मात्र दुप्पट वेगाने नक्कल उतरवतो आहे, असा प्रकार. चुका राहणारच. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये कोलायटिस आणि क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यातील एकेक कूप वेगळा काढून त्यातील डीएनए वाचला. दाह झालेल्या आतड्यात उत्परिवर्तने साचण्याचा वेग दुपटीहून अधिक भरला.

कोणती जनुके बिघडतात, त्यांच्या क्रमातही फरक आहे. सर्वसाधारण आतड्याच्या कर्करोगात आधी ‘एपीसी’ हे जनुक बिघडते, देठ असलेली लहान गाठ उगवते, आणि ‘पी-५३’ हे पहारेकरी जनुक बरेच उशिरा निकामी होते. कोलायटिसमध्ये क्रम जवळजवळ उलटा असतो. पी-५३ फार लवकर जाते, कधी कधी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठीकठाक दिसत असतानाच. ज्या ऊतीत डीएनएवर सतत मारा होतो, तिथे ‘थांब, आधी दुरुस्ती कर’ म्हणणारा पहारेकरी ज्या पेशीत नाही तिचीच संतती वाढते. शिवाय इथे गाठ देठावर डोलत नाही, ती अस्तरात चपटी पसरते आणि नजरेतून सुटू शकते.

दुसरी वाट निरोपांची. पेशींमध्ये ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन असते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधले. धोक्याचा निरोप आला की ते केंद्रकात शिरते आणि दाहाची जनुके चालू करते. कॅलिफोर्नियात मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळेत २००४ मध्ये या प्रथिनावर एक सुंदर प्रयोग झाला. त्यासाठी वापरलेली उंदरांची पद्धत आधी पाहू. उंदराला कर्करोगकारक रसायनाची एकच मात्रा देतात. एवढ्याने गाठी क्वचितच होतात. नंतर पिण्याच्या पाण्यातून दुसरा पदार्थ देऊन आतड्याचा दाह घडवतात. तेवढे केले की काही आठवड्यांत आतड्यात गाठी दिसू लागतात. पहिल्याने बी पेरले, दुसऱ्याने पाणी घातले, असे समजावे.

या उंदरांपैकी काहींच्या अस्तराच्या पेशींतून, तेवढ्याच पेशींतून, एनएफ-कप्पा-बी चालू करणारे विकर जनुकीय तंत्राने काढून टाकले. गाठींची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. पण गंमत अशी की दाह कमी झालाच नव्हता! मग गाठी का घटल्या? एनएफ-कप्पा-बीचे आणखी एक काम असते, इजा झालेल्या पेशीला मरण्यापासून वाचवणे. ते संरक्षण गेल्याबरोबर डीएनए बिघडलेल्या पेशी मरून गेल्या. दुसऱ्या गटात तेच विकर अस्तराऐवजी पांढऱ्या पेशींतून काढले. आता गाठी झाल्या, पण लहान राहिल्या. पांढऱ्या पेशी ‘इंटरल्युकिन-६’सारखी जी वाढीची रसायने पुरवत होत्या, त्यांचा पुरवठा आटला होता. एकच प्रथिन, पण एका घरात ते बिघडलेल्या पेशीला जगवते आणि शेजारच्या घरात तिला खाऊपिऊ घालते. दाह आणि कर्करोग हे नाते तोवर आकड्यांतले होते. या प्रयोगाने त्याचे धागे हातात दिले.

जीवाणूंचे काय? १९९३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ‘इंटरल्युकिन-१०’ नसलेले उंदीर तयार केले. हे रसायन दाहाला लगाम घालते. त्या उंदरांना आपोआप आतड्याचा दाह झाला, आणि पुढे काहींना कर्करोगही. परंतु हेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले, तर दाह होत नाही. लगाम नसला तरी घोड्याला उधळायला काही कारण लागते, ते कारण म्हणजे जीवाणू. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील गटाने याच्या पुढचे पाऊल टाकले. निर्जंतुक वाढवलेल्या अशा उंदरांच्या एका गटाला फक्त ई. कोलायचा एक प्रकार दिला, दुसऱ्याला फक्त एक एन्टरोकॉकस. दाह दोघांत सारखाच झाला, गाठी मात्र पहिल्या गटात खूपच जास्त. त्या ई. कोलायजवळ डीएनएला इजा करणारे ‘कोलिबॅक्टिन’ नावाचे विष बनवण्याची जनुके होती. ती जनुके काढून टाकल्यावर दाह तेवढाच राहिला आणि गाठी कमी झाल्या. दाह श्लेष्म्याची भिंत पाडतो, आणि पडक्या भिंतीतून कोण आत येतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की उपाय सोपा आहे : दाह समूळ बंद करा. तसे करून पाहिले गेले आहे, आणि निकाल बुचकळ्यात टाकणारे आहेत. जीवाणूंची चाहूल घेणारी यंत्रणा नसलेल्या उंदरांवर येल विद्यापीठात २००४ मध्ये प्रयोग झाला. त्यांच्यात दाहाचे निरोप सुरूच होऊ शकत नव्हते. आतड्याला इजा करणारा तोच पदार्थ दिल्यावर हे उंदीर सुखरूप राहावेत अशी अपेक्षा होती. ते मेले. रक्तस्राव होऊन मेले, कारण जखम भरायचा निरोपच गेला नाही. प्रतिजैविके देऊन ज्या साध्या उंदरांचे जीवाणू काढून टाकले होते, तेही तसेच दगावले. म्हणजे रोजची बारीकसारीक डागडुजी जीवाणूंच्या हलक्या चाहुलीवरच चाललेली असते. रुग्णांच्या अनुभवाशीही हे जुळते. अंगदुखीवरच्या काही नेहमीच्या गोळ्या दाह कमी करतात, तरी त्यांनी कोलायटिस उसळू शकतो, कारण त्या ज्या रसायनांना अडवतात त्यांच्यावर अस्तराची दुरुस्ती अवलंबून असते.

‘इंटरल्युकिन-२२’चे उदाहरण तर वर्गात सांगण्यासारखेच आहे. हे रसायन अस्तराला ‘भर, भर’ असे सांगते. आतड्यात त्याला धरून ठेवणारे, निष्क्रिय करणारे दुसरे प्रथिनही असते. जखम होते तेव्हा हे दुसरे प्रथिन कमी होते, म्हणून इंटरल्युकिन-२२ला मोकळीक मिळते. जखम भरत आली की ते पुन्हा वाढते आणि काम थांबवते. २०१२ मध्ये असे दिसले की इंटरल्युकिन-२२ नसलेल्या उंदरांत गाठी वाढतात, कारण जखम चिघळते. आणि त्याला धरून ठेवणारे प्रथिन नसलेल्या उंदरांतही गाठी वाढतात, कारण दुरुस्ती थांबतच नाही. गवंडी आलाच नाही तरी घर पडते, आणि भिंत पुरी झाल्यावरही तो विटा रचतच राहिला तरी पडते.

म्हणून या विषयात ‘दाह बंद करणे’ यापेक्षा ‘दाहाचे नियमन’ हा शब्द बरोबर आहे. शरीराकडे त्यासाठी खास पेशी आहेत. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की पांढऱ्या पेशींतील एक प्रकार इतर पांढऱ्या पेशींना आवरतो. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. त्या घडवणारे ‘फॉक्स-पी-३’ हे जनुक ज्या मुलांत जन्मतः बिघडलेले असते, त्यांना तान्हेपणीच आतड्याचा तीव्र विकार आणि जुलाब होतात. या शोधांबद्दल साकागुची यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण खाल्लेल्या चोथ्यावर आतड्यातील जीवाणू जगतात आणि ब्युटिरिक आम्लासारखी लहान आम्ले बनवतात. त्या आम्लांमुळे आतड्यात नियामक पेशी वाढतात, असे २०१३ मध्ये उंदरांत दिसले. यावरून लगेच कोंड्याचे लाडू खाऊन कोलायटिस बरा होतो, असे कोणी समजू नये. आजार उसळलेला असताना चोथ्याने त्रास वाढतो, असाही अनेक रुग्णांचा अनुभव आहे.

उपचारांची कथा एका चुकीच्या तर्कापासून सुरू होते. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंना वाटत होते की संधिवात जंतूंमुळे होतो. म्हणून १९४० च्या सुमारास त्यांनी जंतुनाशक सल्फा औषध आणि ॲस्पिरिनच्या कुळातील द्रव्य एकमेकांना जोडून ‘सल्फासॅलाझिन’ हे पिवळसर औषध बनवून घेतले. ते कोलायटिसच्या रुग्णांना लागू पडले. का, ते बरीच वर्षे कळले नाही. ऑक्सफर्डमध्ये बांगलादेशचे डॉ. ए. के. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सरळ युक्ती केली. रुग्णांच्या एका गटाला अख्खे औषध, दुसऱ्याला सल्फाचा तुकडा आणि तिसऱ्याला दुसरा तुकडा एनिमावाटे दिला. गुण सल्फाचा नव्हता. दुसऱ्या तुकड्याचा, म्हणजे आज ज्याला मेसालाझिन म्हणतात त्याचा होता. मोठ्या आतड्यातील जीवाणू मूळ औषधाचा जोड तोडतात आणि नेमक्या जागी औषध मोकळे करतात. कर्करोगाशी संबंधित असलेल्या जीवाणूंचे भाऊबंद इथे कंपाउंडरचे काम करतात!

ही औषधे कर्करोगाचा धोका कमी करतात का? २००५ मध्ये अनेक पाहण्यांची बेरीज केली, तेव्हा मेसालाझिन गटातील औषधे घेणाऱ्यांत धोका जवळपास निम्मा दिसला. नंतरच्या काही पाहण्यांत एवढा फायदा दिसला नाही. या पाहण्यांत एक मेख आहे. जो रुग्ण नियमित गोळ्या घेतो तो तपासणीलाही नियमित येतो, मग श्रेय कोणाला द्यायचे? चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रुग्णांना तीस वर्षे औषधाविना ठेवायचे, असा प्रयोग कोणी करू शकत नाही, करूही नये. अधिक तीव्र औषधांबाबत फ्रान्समधील मोठ्या पाहणीने दोन्ही बाजू दाखवल्या. आजार बराच जुना आणि आतड्याचा मोठा भाग व्यापणारा असेल, तर ॲझाथायोप्रिन गटातील औषधे घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग आणि त्याची पूर्वावस्था बरीच कमी आढळली. त्याच औषधांनी लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढला. प्रतिकारयंत्रणा कर्करोगाच्या पेशींना मारतेही, तिला सरसकट दाबण्याची ही किंमत. १९९८ नंतर आलेली इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे ‘टीएनएफ’ हा एकच निरोप अडवतात. त्याच्यानंतर आलेले वेडोलिझुमॅब पांढऱ्या पेशींना आतड्याच्या वाटेवर रोखते. या औषधांची दिशा लगाम नेमक्या जागी ओढण्याची आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. त्यांचा खर्च हा आपल्याकडे वेगळाच प्रश्न आहे.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारा शोध २०२० मधील क्योटोचा वाटला. कोलायटिस झालेल्या आतड्यात तेथील संशोधकांना उत्परिवर्तन झालेल्या पेशींच्या मोठमोठ्या वसाहती सापडल्या. अनेकींचा बिघाड ‘इंटरल्युकिन-१७’ हा दाहाचा निरोप ऐकण्याच्या यंत्रणेत होता. म्हणजे त्या पेशी दाहाला बहिऱ्या झाल्या होत्या आणि म्हणून दाहात तगून होत्या. साहजिकच वाटले, की कर्करोग यांच्यातूनच निघत असणार. पण कर्करोगाच्या गाठींत तेच बिघाड फार क्वचित आढळले. ज्या उत्परिवर्तनाने पेशी दाहातून वाचते, ते तिला कर्करोगापासून दूरही ठेवत असावे. सगळीच उत्परिवर्तने आपल्या वाईटावर नसतात. यातून पुढे एखादे औषध निघेलही.

तोवर हातात असलेले साधन म्हणजे देखरेख. मोठ्या आतड्याचा बराच भाग व्यापणारा कोलायटिस असेल, तर आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी दुर्बिणीतून पहिली देखरेख-तपासणी करतात. पुढे धोक्याप्रमाणे दर वर्षी ते दर पाच वर्षांनी. पित्तनलिकांचा जोडआजार असेल तर आठ वर्षे थांबत नाहीत, निदानापासूनच दर वर्षी करतात. अस्तरावर निळा रंग फवारला की चपट्या गाठींच्या कडा उठून दिसतात. कर्करोगाची पूर्वावस्था सापडली, तर तेवढा भाग किंवा गरज पडल्यास पूर्ण मोठे आतडे काढून टाकता येते. मोठ्या आतड्याशिवाय माणूस जगतो, नोकरी करतो, संसार करतो. दरम्यान दाह आहे की निवला, हे पाहायला दर वेळी दुर्बीण लागत नाही. पांढऱ्या पेशींतील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन विष्ठेत किती उतरले आहे, यावरून त्याचा अंदाज येतो.

बाईंना आम्ही दुसरे पत्र पाठवले त्यात हे सगळे थोडक्यात लिहिले. मुलीला आजार सुरू झाला तो बाराव्या वर्षी, म्हणजे पहिली देखरेख-तपासणी साधारण विसाव्या वर्षी. ती तेव्हा कॉलेजात असेल, गाव बदललेले असेल, म्हणून तारीख आणि कागदपत्रे एका फायलीत घालून वडिलांच्या हाती द्यावीत. गोळ्या चालू आहेत त्या आतड्याच्या अस्तरासाठी आहेत, बरे वाटते की नाही यावरून त्या ठरत नाहीत. आणि वर्गात या मुलीला बाहेर जायचे असेल तर तिने हात वर करून परवानगी मागत बसू नये, तिची जागा दाराजवळ असावी, एवढे मुख्याध्यापकांशी बोलून ठेवावे.